सुलभाबाईंचा रिकामा गळा

केशवापुरात बातमी अशी फिरली की भांड्यांच्या दुकानवाल्या यशवंतरावांच्या सुलभाबाईंनी नवरा चांगला जिवंत असताना मंगळसूत्र उतरवलं. तेही भर दुपारी, अंगणात, पाटल्यांसकट! पाहिलं कुणी? समोरच्या दुर्गव्वानं. आता दुर्गव्वाच्या खिडकीतून बातमी सुटली की तिला शेपूट फुटलंच पाहिजे. "बाई माहेरी निघाली," हे ते शेपूट.

बाई कुठं निघणार? दिवाळीनंतर यशवंतरावांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. तोंड सरळ झालं, डावा हात मात्र झालाच नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. "हात झोपलाय, उठेल," असं म्हणून शेट रोज गाडी काढायचे. गियर टाकायचा तो डाव्या हातानंच! काल गाडी फाटकाच्या खांबावर घासली. शाळेची पोरं नुकतीच पुढं गेली होती. शेट उतरले, तर डाव्या बोटांतून रक्त गळतंय आणि त्यांना पत्ताच नाही. सुलभाबाईंनी ते धुतलं. भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

किल्ली लपवून उपयोग नव्हता, दुसरी शेटच्या खिशात असायची. मग आज शेट जेवून झोपल्यावर बाईंनी गॅरेजवाल्या मल्लाप्पाला फोन लावला.

"गाडीची बॅटरी काढायचीय."

"आत्ता येतो की अक्का."

"नको. तू आलास की गल्ली म्हणेल, शेटचा हात गेला. त्यांना ते सोसायचं नाही. फोनवरच सांग."

"अय्यो, ते काय पापड लाटणं हाय काय?"

"सांग म्हटलं ना!"

"मग आधी अंगावरचं सोनं काढा. मंगळसूत्र लोंबून बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांना टेकलं तर लालभडक होतंय, गळा भाजतोय. रबरी हातमोजे घाला. गाडी बंद हाय न्हवं? काळी तार आधी सोडा."

"लाल आधी सोडली तर?"

"पाना गाडीच्या पत्र्याला लागला की ठिणगी उडतीय. काळी सुटली की मग लाल. आणि खुंटीवर पांढरं पीठ असंल, त्याला उघडा हात लावू नका, ॲसिड असतंय."

बाईंनी मंगळसूत्र नि पाटल्या तुळशीच्या कट्ट्यावर ठेवल्या. बॉनेट उघडून त्याच्या आड काळी सोडली, लाल सोडली, धरून ठेवणारी पट्टी सोडली. बॅटरी उभीच धरून, न कलंडता उचलली. जड होती. पाय आपोआप देवघराकडे वळले. घरात लपवायचं ते सगळं देवघराखालच्या कपाटातच जायचं. "देवघरात ठेवते," त्या कमरेला खोचलेल्या फोनला म्हणाल्या.

"तिथं समई असंल की!" मल्लाप्पा फोनमधनं ओरडला. "आतनं गॅस सुटतोय, ज्योतीजवळ नको!"

मग मागच्या उघड्या पडवीत, फळीवर. हातमोजे काढले, हात धुतले आणि बाई भिंतीकडे बघत बसून राहिल्या. कट्ट्यावरचं कट्ट्यावरच.

संध्याकाळी शेटनी किल्ली फिरवली. गाडी हूं की चूं करेना.

"सुलभे, गाडी मेली बघ!"

"मेली नाही. बॅटरी मी काढलीय."

शेट काही बोलणार तोच दुर्गव्वा वाटीभर साखरेच्या निमित्तानं दारात.

"अय्यो सुलभक्का, गळा रिकामा? गल्लीत काय काय बोलाय लागलेत!"

शेटनी गळ्याकडे पाहिलं. दुर्गव्वा साखर घेऊन, जमेल तेवढी रेंगाळून गेली. मग शेटनी हळूच विचारलं, "मला सोडून निघालीस?"

बाई कट्ट्यावरनं मंगळसूत्र घेऊन आल्या आणि पाठ करून बसल्या. "अहो, एवढं घालून द्या."

शेटच्या डाव्या बोटांना आकडा सापडेना. मंगळसूत्र निसटून बाईंच्या मांडीवर पडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा पडलं. बाई मागं वळल्या नाहीत. थोड्या वेळानं शेटनी खिशातली किल्ली काढून त्यांच्या ओंजळीत ठेवली.

"उद्यापासनं रिक्षानं जाईन."

"बरं," बाई म्हणाल्या आणि आकडा त्यांनीच अडकवला.

बॅटरी काढताना अंगावर धातू ठेवायचा नसतो, म्हणून सुलभाबाईंनी मंगळसूत्र उतरवलं होतं. परत घालायला त्या विसरल्या होत्या.