महामायेची पाटी आणि गाडीचा डोळा

…तर उदयनं त्या पितळी पाटीला चिंचेचा कोळ लावला, इथवर काल आलो होतो. लावला म्हणजे कसा, तर बोटं सुरकुतेस्तोवर घासला. पाटी अशी लखलखली की समोरचा रिक्षावाला बिचकावा. आणि गाडी? गाडीच्या पडद्यावर पुन्हा तेच: समोरचा सेन्सर झाकला गेला आहे, साफ करा.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून घ्यावं लागेल. हा उदय मोहरील ब्राह्मणपाऱ्यातला, पारा म्हणजे आपला मोहल्ला. जन्म गेला पंडरीच्या बाजारात, आपल्या दुकानात, गाड्यांचं वायरिंग करण्यात. खिशात पेन नसेल, पण वायरीत करंट आहे का ते बघायचा टेस्ट लॅम्प असायचाच. एकदा वरात मांडवाच्या दारात आली आणि सजवलेल्या गाडीचा हॉर्न अडकला. बंद होईना, घोडा बिथरला, नवरदेव घोड्याच्या मानेला मिठी मारून बसलेला. उदय जेवणाच्या पंगतीतून उष्ट्या हातानं उठला, बोनेटात शिरला, हॉर्न गप्प केला आणि नवरदेवाला म्हणाला, "वाजव बाबू आता, आजच्या दिवस तुलेच वाजवता येते, उद्यापासून घरात तिचाच हॉर्न." वधूकडचे लोकसुद्धा हसले.

त्याची बायको रमा. तिचा एक नेम होता. पुरानी बस्तीत महामायेच्या देवळाबाहेरून तिनं तळहाताएवढी पितळी पाटी आणली होती, त्यावर देवीचे नुसते दोन डोळे कोरलेले. घरात जी गाडी येईल तिच्या नाकावर ती पाटी लागायची. आधी मोपेडवर, मग स्कूटरवर, मग जुन्या सेकंडहँड मोटारीवर. गाडी विकली की पाटी उतरायची आणि पुढच्या गाडीवर चढायची. रमा गेली, पण नेम राहिला.

मुलगी एकच, देवश्री. सिमगा गावाच्या पुढे एका सिमेंट कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला. पाळ्यांची ड्यूटी, येण्याजाण्याला बिलासपूरचा हायवे. एका पहाटे परत येताना तिचा डोळा लागला आणि गाडी डिव्हायडरला घासली. कारखान्याचं क्वार्टर तिला कधीचं मिळत होतं. पण बापाला रिकामं घर नको होतं, आणि लेकीलाही बापाला एकट्याला सोडवत नव्हतं. मग उदयनंच तोड काढली. म्हणाला, "अशी गाडी घेऊ जे पुढच्या ट्रकापासून स्वतःच अंतर राखते. तो हळू झाला की हे हळू. तसं असंल तर रोज ये-जा कर. नसंल तर क्वार्टर घे, मी अडवणार नाही." आपल्याच तोंडानं बोलला, बरं का. हे लक्षात ठेवा.

गाडी आली. पूजा झाली. आता पाटी कुठं लावायची? उदयनं पाहिलं, पुढच्या जाळीत खाली बरोबर मधोमध एक काळा गुळगुळीत चौकोन. बाकी सगळी जाळी, आणि तेवढी जागा सपाट. त्याला इतका आनंद झाला! म्हणाला, "पाह्य पोट्टे, कंपनीनं देवीसाठी जागाच सोडून ठेवली." प्लास्टिक कच्चं वाटलं म्हणून जाळीमागे हात घालून जो लोखंडी कान, म्हणजे पट्टीचं बाहेर आलेलं टोक, सापडला त्यालाच क्लॅम्प आवळला. दोनदा ओढून पाहिलं. पक्की.

गावात गाडी ठीक चालायची. हायवेला लागलं, थोडं मोकळं मैदान आलं, की टुंग. अंतर राखणं बंद.

उदयनं काय काय केलं म्हणता! बॅटरीचा व्होल्टेज पाहिला. ब्रेकच्या पायडलामागचा स्विच बदलला, कारण तो खोटा इशारा देत असला तरी ही यंत्रणा सुटते. चारही चाकांचे सेन्सर पुसले. आरशामागचा कॅमेरा पाहिला. एकेक वायर ओढून, हलवून, दिवा लावून पाहिली. वायर बरी होती. वायर बरी निघाली की त्याला घाम यायचा, कारण वायरीच्या पलीकडचं त्याला काही येत नव्हतं. आणि पडदा सांगायचा साफ कर, की हा चिंच घेऊन बसायचा. देवश्री बाजूला उभी राहून तिच्या इथल्या हिंदीत म्हणायची, "बाबा, चमक तो गई है, अब और कितना?" तिला तरी कसं सुचावं? जन्मापासून ती पाटी प्रत्येक गाडीवर. घरातल्या उंबऱ्याकडे कोण बघतं?

अखेर शिशिरकडे नेली. शिशिर याच पाऱ्यातला, आता कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. त्यानं मशीन जोडायच्या आधीच गाडीच्या तोंडाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, गाडीच्या डोळ्यावर तुम्ही देवीचे डोळे बसवले!"

"म्हणजे?"

"या काळ्या झाकणामागेच रडार आहे. पितळेतून त्याले काय दिसंल?"

सगळं वर्कशॉप हसलं. उदय त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसला. सापडलं ना! स्वतःच्या हातानं पाटी उतरवली, रुमालात गुंडाळली, आणि येताना पावभर जिलेबी आणली.

गोष्ट इथं संपली असती तर काय हवं होतं. पण ज्या लोखंडी कानाला त्यानं क्लॅम्प आवळला होता, तो रडारचाच होता. एवढासा पिळला होता. रविवारी बापलेक हायवेवर गेले. पडद्यावर काही आलं नाही, उदय खुशीत मान डोलवत होता. डावीकडच्या लेनमध्ये एक ट्रक होता, यांच्यापुढे रस्ता रिकामा. आणि गाडीनं एकदम करकचून ब्रेक मारला. मागचा पिकअप कसाबसा बाजूनं निघाला, शिव्या देत. गाडीला बाजूचा ट्रक समोर दिसत होता.

देवश्रीनं बटण बंद केलं. घरापर्यंत ब्रेक तिनं स्वतःच सांभाळला.

शिशिरनं परत गाडी घेतली, समोर खुणेचा फळा लावून, त्यावर नेम धरून रडार सरळ करून पाहिलं. सरळ करावं, गाडी हलली की परत वाकडं. कानाला चीर गेली होती. "काका, पूर्ण नवं युनिट लागंल. मागवलं आहे, पण केव्हा येईल ते वरचेही सांगून नाही राहिले. अन् आलं तरी बसंलच नीट, असं मी लिहून नाही देत."

"वेल्डिंग?"

"त्याले वेल्डिंग नाही करत काका."

उदय टेस्ट लॅम्पची वायर बोटाला गुंडाळत, सोडत उभा राहिला. मग बाहेर येऊन गाडीच्या बोनेटवर हात ठेवला, ताप बघतात तसा.

क्वार्टरसाठी होकार कळवायची मुदत संपत आली होती. देवश्रीनं न विचारताच होकार कळवला, आणि त्यानंही थांब म्हटलं नाही. म्हणणार कसा? अट त्याचीच होती. कारखान्याच्या टेम्पोत तिची कपाटं चढली. त्यानंच दोऱ्या बांधल्या, गाठी दोनदा ओढून पाहिल्या. "आप भी चलो न बाबा," ती म्हणाली. तो म्हणाला, "दुकान आहे न." दुकानात आता दिवसाकाठी एखादी जुनी स्कूटर येत होती, हेही ठाऊक होतं दोघांना.

गाडीही ती घेऊन चालली होती, क्वार्टरपासून लॅबपर्यंत फिरवायला. निघताना देव्हाऱ्याजवळची रुमालाची पुरचुंडी तिनं उचलून आणली. "बाबा, अब तो वो सिस्टम वैसे भी बंद है। मम्मी की पाटी वापस लगा दो न गाड़ी पे।"

उदयनं पुरचुंडी तिच्या हातातून घेतली. रुमाल उघडला नाही.

"काहून लावू, पोट्टे? तू रोज घरी यावी म्हणून लावली होती न मी ते. आता राहू दे."