चार रेषा आणि अर्नाळ्याचं घर

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत होते. काम पुढच्या शतकाचे अंदाज मांडायचं. देश किती कोळसा जाळेल, किती गाड्या रस्त्यावर येतील, घराघरात काय काय विजेवर चालेल, हे वेगवेगळं धरून हवेत जाणाऱ्या कार्बनच्या चार वाटा आम्ही आखल्या होत्या. त्यावरून सरकारने लांबचं धोरण ठरवावं, ही अपेक्षा. तक्त्यावर त्या चार रंगीत रेषा दिसायच्या. लाल सगळ्यात वर चढणारी, हिरवी हळूहळू खाली येणारी. हिरवीवर माझा जीव होता.

मी राहायला बोळिंजला. माझी कॉलेजातली मैत्रीण अर्नाळ्याची, ख्रिस्ती कोळ्यांच्या घरातली. गावातच शाळेत शिकवायची. तिच्या घरामागची सुरूची झाडं समुद्राने एकेक करून नेली होती आणि उधाणाला पाणी मोरीपर्यंत येऊ लागलं होतं. भावाने गोखिवऱ्याला फ्लॅट घेतला होता, पण वडील हलायला तयार नव्हते.

"तू ये एकदा. तुझं ऐकतील. तू समुद्राचं काम करतेस," ती म्हणाली.

"समुद्राचं नाही गं, धुराचं."

"तेच ते."

रविवारी त्यांची चर्चमधली मिसा आटोपल्यावर गेले. वडील ओट्यावर बसले होते. मी तक्ता पसरून धुराने हवा कशी तापते, त्याने समुद्र कसा चढतो, सगळं समजावलं. त्यांनी हिरव्या रेषेवर बोट ठेवलं.

"सरकारानं ही धरली, तर पानी थांबेल?"

"लगेच नाही, बाबा. आधी जे जाळलंय त्याचा परिणाम व्हायचाच. पुढची कित्येक वर्षं चारही रेषांत पाणी जवळजवळ सारखंच चढतं. फरक दिसतो तो नंतर."

"नंतर म्हंजे?"

"माझी मुलगी म्हातारी होईल तेव्हा."

"मंग मना कशाला दाखवतेस?"

मैत्रीण उठून आत गेली. मी तक्ता गुंडाळला. त्यांच्या दारातली वाळू सरकते आहे त्यात धुराचा वाटा किती, हे तर मला अजिबात सांगता आलं नसतं.

त्याच सुमारास आमच्या अहवालावर बैठक झाली. एक मोठे अधिकारी म्हणाले, "ही हिरवी कोण पाळणार? शेवटी कुठेतरी परिशिष्टात टाका." आमच्या सरांनी मान डोलावली.

पुढच्या मोठ्या उधाणात मैत्रिणीच्या स्वयंपाकघराची भिंत गेली. वडील घरातच होते. भावाने त्यांना अक्षरशः उचलून बाहेर काढलं. गोखिवऱ्याच्या फ्लॅटच्या खिडकीतून कारखान्यांच्या गाळ्यांचे पत्रे दिसायचे, दिवसभर यंत्रांचा खडखडाट. ते खिडकीकडे पाठ करून बसायचे. पुढे ठेवलेली मासळी शिळी आहे म्हणून ताट सारायचे. त्यांनी तिथे वर्षही काढलं नाही.

शवपेटी जिन्याच्या वळणावर अडली. ती उभी करून उतरवावी लागली. खाली मैत्रीण माझ्या शेजारी उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "खोटं बोलायला हवं होतंस तू. भिंत येत्या उधाणातच पडणार, असं ठासून सांगायचंस. स्वतःच्या पायांनी निघाले असते गं."

अर्नाळ्याला माती दिली. मग ती भावाबरोबर गोखिवऱ्याला गेली, मी बोळिंजला. त्यानंतर तिने मला कधी घरी बोलावलं नाही.