लोरेनच्या पंख्याचा सूर

लोरेन हेस्कथने सेहेचाळिसाव्या वर्षी अप्रेंटिस व्हायचं ठरवलं, तेव्हा तिचे वडील क्लिफर्ड पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, "मग डबा कोण भरून देणार तुला? मी?"

त्याआधी सोळा वर्षं ती हेदरक्लफ गावच्या शाळेची केअरटेकर होती. शाळा गरम ठेवणारा तळघरातला बॉयलर खोकला, तर ते दुखणं आहे की नुसता आळस, हे तिला जिन्यातूनच कळायचं. तो बॉयलर बदलायला कंपनीची माणसं आली, तेव्हा त्यांच्या नकाशातले तीन पाइप जमिनीखाली कुठेच नाहीत, असं तिने चहा देता देता सांगितलं. खणून बघितलं तर खरंच नव्हते. महिन्याभराने त्याच कंपनीचा फोन आला. आठवड्याचे चार दिवस ऑफिसात काम, एक दिवस लीड्सला कॉलेज, पाच वर्षांनी पदवी, फी कंपनीची. विषय इमारतीच्या पोटातला: उष्णता, पाणी, वारा, वीज.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी वर्गातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने तिला विचारलं, "मॅडम, तो रेडिएटर जरा बघता का? गारठलोय आम्ही." लोरेनने सवयीने खिशातली किल्ली काढली, रेडिएटरमध्ये कोंडलेली हवा सोडली आणि मग तिसऱ्या बाकावर जाऊन वही उघडली. ती मुलगी पुढे महिनाभर तिच्या नजरेला नजर देत नव्हती.

ऑफिसात तिची वरिष्ठ फेनेला अठ्ठावीस वर्षांची. लोरेनचा पहिला हिशेब तपासून ती म्हणाली, "लोरेन, हे वाचनालय आहे. तू इथे भट्टी लावलीयस. एवढे रेडिएटर लावल्यावर पुस्तकं ठेवायला भिंत कुठे उरली?"

"जानेवारीत शाळा उघडलीयस का कधी सकाळी सहाला?"

"नाही. पण तुझ्या अंगातली थंडी आकड्यांत उतरलीय, ती काढ."

लोरेनने काढली. गणिताला ती घाबरायची, पण मागे हटायची नाही.

चौथ्या वर्षी तिला स्वतंत्र काम मिळालं, तेही गावच्या बँडच्या हॉलला हवा पुरवायचं. तालमीचा आवाज शेजाऱ्यांना सोसेना म्हणून खिडक्या कायमच्या बंद केलेल्या, त्यामुळे तासाभरात पंचवीस वादक पेंगायला लागायचे. त्यांतले एक क्लिफर्ड. मांडीवर घेऊन वाजवायचं ते युफोनियम नावाचं पितळी धूड गेली बावन्न वर्षं त्यांच्याकडे होतं.

छताला जुनं कोरीव लाकूड होतं. एकही फळी कापायची नाही, असं ठरवून लोरेनने हवेचा नळ दोन तुळयांमध्ये बसेल इतका बारीक ठेवला.

"नळ एवढा बारीक, की हवा ढकलायला पंखा फार जोरात पळवावा लागतोय," फेनेला म्हणाली.

"सभागृहाला चालेल एवढाच आवाज आहे."

फेनेलाने आवाजाच्या मर्यादांचा तक्ता बघितला. सभागृहाला चालणार होता. तिने सही केली.

पहिल्या तालमीला एकही जांभई आली नाही. लोकांनी लोरेनची पाठ थोपटली. तिसऱ्या आठवड्यात मात्र बँडचा संचालक डेझमंड, जो एरवी गावात टपाल वाटायचा, त्याने हळुवार जागेवर वादन थांबवलं. हॉल शांत झाला, आणि त्या शांततेत वरून बारीक गुणगुण ऐकू आली. डेझमंडने पियानोची एक पट्टी दाबली, कान दिला, पुन्हा दाबली.

"केसभर खाली," तो म्हणाला. "तीन आठवडे हे लोक माझ्याकडे नाही, छताकडे बघून सूर लावतायत. लोरेन, तुझा पंखा गातोय गं. आणि बेसूर गातोय."

मागच्या खुर्चीवर बसलेल्या लोरेनला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बँडांची वार्षिक स्पर्धा महिन्यावर आली होती.

घरी जाताना तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"पोरीचं पहिलं काम. आणि खरं सांगू? माझा सूर बावन्न वर्षं जरा खालीच लागतो. पहिल्यांदाच कुणीतरी जोडीला मिळालं होतं."

लोरेन हसली नाही; रस्ताभर रागावलेलीच होती. दुसऱ्या दिवशी तिने फेनेलापुढे कागद टाकले. रुंद नळ, सावकाश फिरणारा पंखा, मध्ये आवाज गिळणारी पेटी. पण त्यासाठी चार कोरीव फळ्या कापाव्या लागणार होत्या.

"ते तूच जाऊन सांग त्यांना," फेनेला म्हणाली. "चूक माझ्याही सहीची आहे. मी येते सोबत, पण बोलायचं तू."

डेझमंडने वर बघत विचारलं, "कुठल्या चार?"

"तिसऱ्या तुळईपासून पुढच्या."

"ती द्राक्षं माझ्या आजोबांनी कोरलीयत."

लोरेन हातातले कागद गुंडाळायला लागली.

"त्यांना सूर कळत नव्हता," डेझमंड म्हणाला. "काप."

स्पर्धेआधी नऊ दिवस नवा पंखा बसला. तो चालू आहे की बंद, हे बघायला क्लिफर्डना खुर्चीवर चढून नळाच्या तोंडाशी चिठोरी धरावी लागली. नऊ बँडांत हेदरक्लफ चौथं आलं. क्लिफर्डच्या मते तिसरं यायला हवं होतं. बाकीच्यांच्या मते क्लिफर्ड नसते तर आलं असतं.

शेवटच्या परीक्षेला लोरेनने ही सगळी चूक आकड्यांसकट मांडली. परीक्षकाने विचारलं, "तक्ता तर बरोबर होता. मग चुकलं काय?"

"त्या खोलीत माणसं काय करतात, ते मी तक्त्याला सांगितलं नाही. लहानपणापासून तिथे जातेय, तरीही."

ती पास झाली. पदवीदानाला क्लिफर्ड कोट घालून आले आणि रांगेतल्या प्रत्येकाला सांगत सुटले, की डबा मीच भरायचो. त्यात तथ्य नव्हतं.

इंजिनीयर म्हणून पहिलं काम शेजारच्या गावच्या पोहण्याच्या तलावाचं निघालं. फेनेला मोजपट्टी घेऊन पोचली, तेव्हा लोरेन पाण्यात होती, आणि काठावरच्या म्हातारीला विचारत होती की बाहेर आल्यावर नेमकी कुठे थंडी वाजते.