आजी पाण्यात उतरल्या म्हणजे

आमच्या गल्लीतले पंपवाले म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. कोणाच्या अध्यात ना मध्यात. गावाचं सांडपाणी जिथे गोळा होतं आणि तिथून शुद्धीकरणाकडे ढकललं जातं, त्या पंपघरात ते ऑपरेटर. किनाऱ्याच्या टोकाला ती बसकी पिवळी इमारत आहे, खिडक्यांना गंजलेल्या जाळ्या. कामावरून आले की बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे, पुन्हा लावायचे, पुन्हा धुवायचे. बायको म्हणायची, "अहो, कातडी तरी राहू द्या." त्यांना हाताला वास यायचा. आम्हाला तो कधी आला नाही.

त्यांचे वडील होडीवाले. पंपवाले चालायच्या आधी पोहायला शिकले, असं त्यांची आई सांगते. आजींच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, पण हे खरं असावं. मुलाचं त्यांना भारी कौतुक. सरकारी नोकरी, कसलं व्यसन नाही, बायकोवर आवाज चढवत नाही, असं त्या भाजीवालीलाही ऐकवायच्या. आई अशी सुरू झाली की पंपवाले चपला शोधायला लागायचे.

पंपघरात पंप दोन, त्यातला एक कायमचा आजारी. जोराचा पाऊस झाला किंवा वीज गेली की टाकी भरत यायची, भोंगा वाजायचा, आणि साहेबांचा फोन यायचा, "गेट उघड." गेट उघडलं की गावाची सगळी घाण जशीच्या तशी मोठ्या पाइपातून समुद्रात. पूर्वी अशा दिवशी किनाऱ्यावर फलक लागायचा, 'आज पाण्यात उतरू नये.' मग हॉटेलवाले, छत्र्या-खुर्च्या भाड्यानं देणारे कुरकुरायला लागले की फलक बघून गिऱ्हाईक पळतं. ऑफिसनं फलक काढायला लावला, आणि काढायला पाठवलं कोणाला, तर पंपवाल्यांनाच. त्यांनी तो पंपघरात नेऊन विटांवर पालथा टाकला. त्यावर बसून ते डबा खायचे. अक्षरं खालच्या बाजूला.

साहेबांनी बजावलं होतं, "बाहेर एक शब्द गेला तर नोकरी गेली समज." पंपवाल्यांनी शब्द जाऊ दिला नाही. पण घरच्या माणसांना त्या पाण्यात कसं जाऊ देणार? आजींचे गुडघे धरलेले, डॉक्टरांनी रोज सकाळी खाऱ्या पाण्यात उभं राहायला सांगितलेलं. म्हणून गेट उघडायची वेळ आली की ते बायकोला फोन करायचे, "आईला सांग, आज लाटा मोठ्या आहेत." आजी निमूटपणे घरात बसायच्या. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

आता आमचं. आम्ही काही दूधखुळे नव्हतो. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीची नात एकदा समुद्रात खेळून आली आणि जुलाबांनी इतकी सुकली की सलाइन लावावं लागलं. तिच्या उशाशी बसल्याबसल्या इस्त्रीवालीला आठवलं, त्या दिवशी समुद्र ताटासारखा सपाट होता आणि आजी मात्र मोठ्या लाटांच्या भीतीनं घरात होत्या. ती पंपवाल्यांकडे भांडायला गेली नाही. तिनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं पलीकडच्या शिंप्याला. झालं. आजी पाण्यात उतरल्या म्हणजे पाणी चांगलं. नाही उतरल्या तर पोरांना घरात डांबायचं. पंपवाल्यांना तोंडावर कोणी विचारलं नाही. विचारलं तर त्यांना खोटं बोलावं लागणार, आणि मग आपल्याला भांडावं लागणार. त्यापेक्षा हाताची घडी, तोंडावर बोट. गाड्या भरभरून येणाऱ्या पाहुण्यांना सांगावं, हे तर कोणाच्या मनातही आलं नाही. निम्म्या गल्लीच्या माडीवर तेच पाहुणे भाड्यानं उतरायचे.

मग ती सुट्टीची सकाळ आली. पंपवाल्यांची बायको बहिणीकडे गेली होती. आजी काठी टेकत किनाऱ्याकडे निघाल्या, आणि त्यांच्यामागून सगळी गल्ली, पोरंबाळं, टॉवेल, हवा भरलेल्या ट्यूबा. त्यानंतर वीज गेली. भोंगा वाजला, साहेबांचा फोन आला, पंपवाल्यांनी गेटचं चाक फिरवलं आणि मग घरी फोन लावला. रिकाम्या घरात फोन वाजत राहिला. त्यांनी जाळीतून किनाऱ्याकडे पाहिलं.

गमबूट घातलेला माणूस वाळूतून कसा पळतो ते आम्ही पाहिलं. दर दोन पावलांना अडखळत होते. "आई, बाहेर ये. आई, ऐकतेस का, बाहेर ये." नुसतं आई. आजींच्या शेजारीच इस्त्रीवालीची नात पाण्यात डोकं बुडवून श्वास रोखून होती.

आजी गुडघे सांभाळत वळेपर्यंत आम्ही सगळे बाहेर आलो होतो. काय झालं, असं एकानंही विचारलं नाही. पोरांना दंडाला धरून ओढलं, ट्यूबा तरंगत तशाच सोडल्या. पंपवाले कोरड्या वाळूवर उभ्या असलेल्या आमच्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं, की आम्हाला ठाऊक होतं. त्यांचा चेहरा इतका पडला की आम्हाला त्यांच्याकडे बघवेना.

आजी बाहेर आल्या. "कुठे आहेत रे लाटा?"

"लाटा कधीच नसतात, आजी," इस्त्रीवाली नातीचं तोंड खसाखसा पुसत म्हणाली. "घाण सोडतात. तुम्ही घरी थांबलात की आम्हाला कळतं."

आजींनी मुलाकडे पाहिलं. "तुला माहीत असतं?"

"आई, साहेब म्हणतात..."

"साहेबांचं नाही विचारलं मी."

पंपवाल्यांनी हो म्हणून मान हलवली. आजी वळून पाण्याकडे बघायला लागल्या. पाहुण्यांची मुलं अजून आतच होती. एक बाप आपल्या लहानग्याला उंच उडवून पाण्यात झेलत होता, आणि ते पोर हसत होतं.

"आणि ही पोरं?" आजींनी विचारलं. मुलाला नाही, आम्हा सगळ्यांना.

 शिंपी नखानं वाळू टोकरत बसला. शरमेनं कान तापतात म्हणतात ते खरं आहे, पण तोंड काही उघडत नाही. आजींनी काठी उचलली आणि त्या पुन्हा पाण्यात शिरल्या. गुडघाभर, मग मांडीभर. "बाहेर या," आजी त्या बापाला ओरडून सांगत होत्या, "पाणी वाईट आहे."

तो हसला. "आजी, वाईट असतं तर तुम्ही आत आला असता का?"

 तेव्हा पंपवाले गमबुटांसकट पाण्यात गेले. त्यांनी आईचा हात धरला आणि त्या माणसाला म्हणाले, "मी त्या पंपघरात कामाला आहे. मीच सोडलंय. बाळाला घेऊन बाहेर या. आणि कोणी सांगितलं असं विचारलं तर माझं नाव सांगा."

त्या माणसानं पोराला छातीशी घट्ट धरलं आणि आमच्याकडे पाहिलं, हे खरं आहे का, असं विचारल्यासारखं. आम्ही माना खाली घातल्या.