उत्तर सांगू नका, केदारी मास्तर!

किस्से मागायला गेलं की मिळत नाहीत. माणसानं दुकानावरचा माळा भाड्यानं द्यावा आणि खाली गादीवर गप्प बसावं. वरून आपोआप गळतात. माझ्याकडे तर इतके साठलेत की गोणीचं तोंड शिवता येत नाही.

मी तांबोळी. लोणावळ्याच्या बाजारात सुपारीपासून भातापर्यंत सगळं विकतो. शाळा लवकर सुटली, पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. उर्से गावाकडचं तरणं गिऱ्हाईक मला लांबून ओळखू येतं. भाव सांगितला की ते लगेच घासाघीस करत नाही. तोंड मिटून उभं राहतं, मनात काहीतरी मांडतं आणि मगच बोलतं. अशा गिऱ्हाइकांनी माझा फार तोटा केलाय! पण त्याचं मूळ माझ्याच माळ्यावर आहे. तक्रार कुणाकडे करू?

तेव्हा राज्य इंग्रजांचं. एका उन्हाळ्यात बोर्डाची ऑर्डर निघाली: ज्या प्राथमिक मास्तरांकडे ट्रेनिंगचं सर्टिफिकेट नाही, त्यांनी महिनाभर वर्गाला बसायचं आणि शेवटी दिपोटींसमोर, म्हणजे शाळा तपासणाऱ्या डेप्युटीसाहेबांसमोर, बीजगणिताचा एक नमुना पाठ द्यायचा. पास झाला तर नोकरी, नापास झाला तर जूनपासून घरी! वर्गाला जागा मिळाली ती माझ्या माळ्यावर.

* * *

शिकवायला आले पुण्याचे लिमये गुरुजी. ऐन मे महिन्यात लांब कोट! पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर भला मोठा ‘क्ष’ काढला.

पुढच्या बेंचवर उर्स्याचे केदारी मास्तर. पाढे असे पाठ की झोपेतून उठवून अडीचकी विचारावी! ते ताडकन उठले. “गुरुजी, क्ष म्हंजे किती, तेवढं आदी सांगा. मंग पुढं जाऊ.”

“अहो, तेच तर शोधायचंय.”

“म्हंजे तुमाला ठाव न्हाई?”

“मला ठाऊक आहे.”

“मंग लपवताय कशापायी?”

लिमयांनी त्या दिवशी प्रथम कोट काढला.

* * *

दुसऱ्या आठवड्यात गुरुजींनी माझा तराजू वर नेला. समीकरण म्हणजे तराजू; एका पारड्यातून काढलं तेवढंच दुसऱ्यातून काढायचं, असा त्यांचा बेत. पण समोर बसलेले मास्तर सगळे मावळातले, शेतकऱ्यांच्या घरचे. व्यापाऱ्याचा तराजू असा आयता हातात कधी सापडायचा?

“गुरुजी, आदी काटा बघू द्या!”

“पारडी बदलून बघा रं!”

“तळाला मेण लावलंय का बघा!”

सगळी सकाळ त्यातच गेली. खाली बाजारभर बोंब, की तांबोळीशेठचा तराजू सरकारनं जप्त केला! माझा जीव नुसता खालीवर. दुपारी लिमये तराजू घेऊन जिना उतरले. चेहरा पडलेला.

“काय निघालं गुरुजी?”

“तुमचा तराजू खरा निघाला. समीकरण तेवढं राहिलं!”

संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सरकारनं तपासलेला तराजू तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे होता?

* * *

सरावासाठी पोरं हवी म्हणून बाजारातलीच दहा-बारा गोळा केली होती. पाठ मात्र प्रत्येक मास्तर एकच द्यायचा, गुरुजींनी दाखवलेला. आठवड्यात पोरं तयार झाली. मास्तर खडू उचलायचे आणि पोरं ओरडायची, “नऊ!”

देहूरोडचे शेख मास्तर मोठे मिस्कील. त्यांनी पाठ बाजूला ठेवला आणि विचारलं, “बाळांनो, आज वार कोणता?”

“नऊ!”

* * *

तेव्हापासून गुरुजींनी रोज नवी गणितं घालायला लावली, आणि केदारी मास्तरांचं दुखणं बाहेर आलं. त्यांना उत्तर पोटात ठेवता येत नसे! पोराला प्रश्न विचारायचे, पोरगं वर बघायचं, आणि पोराचं तोंड उघडायच्या आत मास्तरांचं उघडायचं. “पाच! पाच रं बाळा!” लिमये कपाळाला हात लावायचे. “मास्तर, पोराला विचार करू द्या! तो तुमच्या पाठाचा जीव आहे. दिपोटी नेमकं तेच बघणार.”

“समजतंय वो गुरुजी. पर पोरगं आडलेलं बगवत न्हाई.”

शेख मास्तरांनी यावर एका लग्नातला किस्सा सांगितला. नवरीला उखाण्यात नाव घ्यायला सांगितलं. पोर लाजली, पदर चावत उभी राहिली. बायका गालातल्या गालात हसताहेत, सगळा मांडव वाट बघतोय. आणि पुरुषांच्या पंगतीतून केदारी मास्तर ओरडले, “अगं, पांडुरंग! पांडुरंग नाव हाय त्याचं!”

* * *

पाठ जवळ आला तसे केदारी मास्तर माळ्यावर येरझाऱ्या घालायला लागले. फळ्यांतून माझ्या साखरेत धूळ पडायची. शेवटी मी वर गेलो आणि त्यांच्या हातावर एक आख्खी सुपारी ठेवली.

“प्रश्न विचारा आणि ही गालात सारा. पोरगं बोलेपर्यंत चावायची नाही, काढायची नाही.”

दोन दिवस नामी चाललं. तिसऱ्या दिवशी एक पोरगं अडलं. मास्तर लाल झाले, जांभळे झाले, आणि सुपारी घशात! मी धावत वर. पाठीत एक गुद्दा, दुसरा गुद्दा. सुपारी उडून बेंचखाली गेली. मास्तरांनी श्वास घेतला आणि पहिला शब्द काढला:

“बारा!”

त्या संध्याकाळी ते दुकानाच्या पायरीवर बसले. बसले कसले, चुळबुळत होते. “शेठ, धा वर्सं शाळा केली. पोरं सोडून मला दुसरं येतं काय? जूनला कुटं जाऊ?” तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मी भाव सांगितला आणि थांबलो. गिऱ्हाईक बऱ्याच वेळानं ‘द्या’ म्हणालं.

मास्तर टक लावून बघत होते. “भाव सांगून असं गप कसं बसता वो?”

“गप्प कुठं? त्याच्या मनात काय मांडामांड चाललीय, ते बघत असतो.”

“दिसतं?”

“सगळं दिसतं. कपाळावर, बोटांत.”

“लय मजा येत आसंल,” मास्तर म्हणाले. त्यानंतर मात्र चुळबूळ थांबली.

* * *

पाठाचा दिवस. दिपोटीसाहेब तुंगार्लीच्या एका बंगल्यात उतरले होते. ‘नऊ’वाल्या पोरांची कीर्ती त्यांच्या कानावर गेली असणार, कारण येताना त्यांनी तुंगार्लीचीच कोरी पोरं आणली. साहेबांपुढं सुपारी कशी खाणार? केदारी मास्तर रिकाम्या तोंडानं उभे राहिले. लिमये आणि मी जिन्यात, दाराच्या फटीला डोळे लावून.

मास्तरांनी चंद्री नावाच्या एका लहानखुऱ्या पोरीला उठवलं. “चंद्रे, तुज्या वंजळीत क्ष करवंदं. भावाच्या वंजळीत तेवढीच. आईनं वर तीन टाकली. समदी मिळून सतरा. तर क्ष म्हंजे किती?”

चंद्री छताकडे बघायला लागली.

लिमयांनी माझं मनगट धरलं. मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं. मग त्यांनी हात मागं बांधले, जरासे वाकले आणि चंद्रीच्या बोटांकडे बघत राहिले.

चंद्रीनं बोटं दुमडली. मोजली. चुकली वाटतं, पुन्हा पहिल्यापासून. रस्त्यावरून एक टांगा गेला. घाट चढून आलेल्या गाडीची शिट्टी झाली. चंद्रीनं नाक पुसलं, हात परकराला पुसला, आणि पुन्हा मोजायला लागली.

मास्तर गप्प!

दिपोटीसाहेबांनी घड्याळ काढलं, ठेवलं. खुर्चीत पुढं सरकले. त्यांचा एक पाय हलायला लागला, मग दुसरा. पेन्सिल टेबलावर टकटक वाजायला लागली. आणि एकदम, खुर्चीतून अर्धवट उठून, साहेब ओरडले:

“सात!”

केदारी मास्तरांनी मान वळवली नाही. चंद्रीच्या बोटांवरची नजरसुद्धा न हलवता ते म्हणाले,

“हात वर करून!”

लिमयांनी डोळे मिटले. “संपलं,” ते पुटपुटले, “गेली नोकरी.”

मी फटीतून बघतच होतो. साहेबांनी आधी मास्तरांकडे बघितलं, मग चंद्रीकडे. खाली बसले. आणि खरं सांगतो, कोटाची बाही सावरून त्यांनी हात वर केला.

मास्तरांनी तो डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितला आणि हलक्या आवाजात म्हणाले,

“थांबा साह्यब. चंद्रीचा इचार चाललाय.”