आत्या नावं ठेवते

नावं ठेवणं हा बहुतेकांचा फावल्या वेळचा उद्योग. आत्याला मात्र त्याचा महिन्याच्या महिन्याला पगार मिळायचा. कपबशांच्या कारखान्यात भट्टीतून निघालेला माल तिच्या टेबलावर यायचा आणि प्रत्येक कपाला टिचकी मारून ती निकाल द्यायची. चांगला कप खणकन बोलतो, टिचलेला कप खोकतो. डोळ्यांना न दिसणारी चीर आत्याच्या कानांना दिसायची. निवृत्त होताना कारखान्याने तिला कपांचा एक सेट भेट दिला. घरी येऊन तिने सगळ्या कपांना टिचक्या मारल्या आणि एक परत पाठवला.

निवृत्तीनंतर कपबशा सुटल्या, पण बोट आणि जीभ दोन्ही वळवळत राहिली. लग्न तिने केलं नव्हतं. आलेल्या प्रत्येक स्थळाला तिने टिचकी मारून पाहिली, असं तिचा धाकटा भाऊ सांगायचा. त्याच्याच घरातली मागची खोली तिची होती, आणि उरलेल्या घरावर तिचं बारीक लक्ष. चहा पाणचट, भाचीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, शेजाऱ्याचं हसणं म्हणजे जिन्यावरून बादली गडगडावी तसं. भावजय म्हणायची, "वन्सं एखाद्या दिवशी काही बोलल्या नाहीत, की मी मिठाचा डबा उघडून बघते. घालायचंच राहिलं की काय!"

भावाचा धंदा आवाजांचा. नाटकवाल्यांना जे आवाज लागतात ते तो पुरवायचा. दार कुरकुरतं, कुणी जिना चढतं, रिकाम्या घरात नळ गळतो. तयार विकतचे आवाज त्याला चालत नसत. "त्यांच्यात माणूस राहत नाही," म्हणायचा. म्हणून मायक्रोफोन घेऊन तो उभं आयुष्य स्वतःच्याच घरात आणि गल्लीत चोरपावलांनी हिंडला. जमवलेलं सगळं एका काळ्या हार्ड डिस्कमध्ये होतं, साबणाच्या वडीएवढ्या. ती असायची टेबलाच्या अगदी कडेला, आणि तिची वायर खाली लोंबायची. आत्या रोज म्हणायची, "ह्या वायरीत एक दिवस कुणाचा तरी पाय अडकणार."

अडकला तो तिचाच.

डिस्क पडताना फारसं काही वाजलं नाही. भावाने डिस्क उचलून पुन्हा जोडली, तेव्हा आतून टक्, टक्, टक् सुरू झालं. आत्याला वेगळी टिचकी मारायची गरजच उरली नाही.

"आत टिचलंय," ती म्हणाली, आणि खुर्चीवर बसून राहिली.

"पण बाबा, कॉपी आहे ना?" भाचीने विचारलं.

"आहे की."

"कुठे?"

भावाने डिस्ककडेच बोट दाखवलं. त्याने सगळ्याची मोठ्या काळजीने दुसरी प्रत काढली होती, त्याच डिस्कमध्ये, 'सुरक्षित' नावाचा वेगळा कप्पा करून. म्हणजे जादा किल्ली त्याच जुडग्यात अडकवून निर्धास्त झोपण्यासारखं. एरवी एवढ्या ऐवजावर आत्याने महिना काढला असता. ती गप्प.

भाऊ चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "जाऊ दे ताई, वस्तूच ती." मग त्याने नव्या नाटकाच्या दिग्दर्शकाला फोन करून आवाज दुसरीकडून घ्यायला सांगितलं. मायक्रोफोन पुसून खोक्यात घातला आणि खोकं कपाटाच्या वर ढकललं. आत्याच्या पलंगावरून ते खोकं नेमकं दिसायचं.

घरात विचित्र शांतता पसरली. भावजयने एक दिवस मुद्दाम चहात बदाबदा पाणी ओतलं. आत्याने कप संपवला आणि म्हणाली, "छान आहे."

भावजय घाबरून आत आली. "अगं, डॉक्टरला दाखवायला हवं."

"डिस्क की आत्या?" भाचीने विचारलं.

"दोन्ही."

आत्याला दाखवणं शक्य नव्हतं, म्हणून डिस्क दाखवली. बिघडलेल्या डिस्कमधून फायली काढून देणारा एक गृहस्थ भाचीने शोधून काढला. डिस्क टॉवेलात गुंडाळून आत्याच मांडीवर घेऊन गेली. गृहस्थ उंच, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द कठड्याला धरून जिना उतरतोय. 'सावकाशराव' हे नाव आत्याच्या ओठांपर्यंत आलं आणि तिने ते गिळलं.

"पडल्यावर... चालू करून... पाहिली का?"

"एकदाच," भाऊ म्हणाला. मग सगळे आपल्याकडे बघतायत हे पाहून, "म्हणजे रोज एकदाच."

"आणि... फ्रीजमध्ये... ठेवली होती का?"

सगळं कुटुंब छताकडे बघू लागलं. तो शेजाऱ्याचा सल्ला होता.

"भाजीच्या कप्प्यात होती," भावजय अखेर म्हणाली. "तिथे काही फार गार नसतं."

सावकाशरावांनी न रागावता समजावलं. आत गुळगुळीत तबकड्या असतात, त्यांच्यावरून एक नाजूक काटा फिरतो. तो वाकलाय, आणि दर वेळी चालू केली की ओरखडे काढतोय. ह्याच जातीची दुसरी डिस्क मिळवून तिचा काटा हिला बसवून बघू. मिळेल तेवढं मिळेल. शब्द देत नाही.

शब्द देणं ह्या माणसाला परवडणारच नाही, एकेकाला इतका वेळ लागतो, असं आत्याच्या मनात आलं. तेही तिने गिळलं.

बऱ्याच दिवसांनी त्यांचा फोन आला. "फायली... आल्या." भाऊ उठून उभा राहिला. "पण... नावं... नाही आली."

पुस्तकाची पानं जवळजवळ सगळी हाती लागली होती, फक्त अनुक्रमणिका फाटून गेली होती. घरी आणून पाहिलं, तर पडद्यावर नुसते आकडे. हजारो फायली आणि प्रत्येकीच्या कपाळावर नंबर. भावाने एक वाजवली. दार कुरकुरलं.

"दार आहे," तो म्हणाला. "पण कुठलं? कधीचं?" दुसरी वाजवली. कुणीतरी जिना चढत होतं. त्याने डोकं धरलं. "मी नाव लिहायचो आणि विसरायचो गं. लिहिलंय म्हटल्यावर लक्षात कोण ठेवतं? हे ओळखायला दुसरा जन्म घ्यावा लागेल." पहिलं दार त्याने पुन्हा एकदा वाजवलं, शेवटचं म्हणून.

"बाथरूमचं आहे ते," मागच्या खोलीतून आवाज आला. "बिजागरीला तेल घालतो घालतो म्हणून तू वर्ष काढलंस, तेव्हाचं."

सगळे थबकले. भावाने हळूच जिना वाजवला.

"खालच्या मजल्यावरचे मास्तर. उजवा पाय ठेवतात, डावा आपटतात. जिन्याने काय घोडं मारलंय त्यांचं, कुणास ठाऊक."

भावाने घाईघाईने पुढची लावली. पाऊस पडू लागला.

"पाऊस कसला? चाळणीत वाटाणे फिरवतोयस. माझे वाटाणे होते, नंतर शिजले नाहीत." आत्या आता दारात उभी होती. पुढच्या फायलीत कुणीतरी लांबलचक भुरका मारला. "हे तुझे सासरे. पंप लावल्यासारखे चहा पितात."

"वन्सं!" भावजय म्हणाली. आपल्या वडिलांना बोललं म्हणून तिचा चेहरा इतका उजळलेला कुणी कधी पाहिला नव्हता.

ज्या ज्या आवाजावर आत्याने आयुष्यभर कुरकुर केली होती, तो तो आवाज तिच्या कानात आपापल्या खोडीसकट जागेवर बसलेला होता. भावाने उठून खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"ताई, तू नावं ठेव."

आत्या खुर्चीत बसली. ही विनंती तिला आजवर कुणी केली नव्हती. मग तिने ही बिनपगारी नोकरी स्वीकारली आणि भाचीला सांगितलं, "लिही. आणि कोंबडीचे पाय नकोत."

"आत्या, हे टाइप करायचं असतं."

"मग सरळ टाइप कर."

भावाची जुनी नावं 'दार एक', 'दार दोन' अशी अळणी होती. आता पडद्यावर 'बाथरूमचं दार, तेलाविना' आलं, 'जिना, आपटणारे मास्तर' आला, 'किटली, कुणीतरी गॅसवर विसरलेली' आली. काही फायलींत नुसती खरखर होती. आत्या त्याही शेवटपर्यंत ऐकायची आणि कारखान्यातल्यासारखी मान हलवायची, "टिचलाय. बाजूला काढ."

कामाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक वेगळीच फाइल लागली. खिडकी वाजत होती, आणि मध्येच आत्याचा तरणा आवाज आला, "काय चाललंय तुझं? झोपू दे की!" पुढच्या फायलीत पुन्हा तीच, "त्या बादलीला का बडवतोयस?" नंतरच्या फायलीतही तीच.

"हे काय?" आत्याने विचारलं.

"नाटकाला देताना तुला कापून द्यायचो," भाऊ म्हणाला. "निम्मं आयुष्य त्यातच गेलं माझं. पण मूळचं कधी पुसलं नाही."

 आत्याने तीच फाइल पुन्हा लावायला सांगितली, कान देऊन ऐकली आणि म्हणाली, "केवढी कर्कश होते मी." मग पुढे, "होते काय म्हणतेय, अजून आहेच."

खोकं कपाटावरून खाली आलं. दिग्दर्शकाचा फोन आला. दुसरीकडून आणलेलं दार त्याला बिनमाणसाचं वाटत होतं. भावाने त्याला तेलाविनाचं बाथरूम पाठवलं. मग एक सोडून दोन नव्या डिस्क आणल्या, एक टेबलावर ठेवायला आणि एक भाचीच्या कपाटात. आत्याने दोन्हींना टिचकी मारली. "आवाज बद्द आहे. आणि वायर एवढी लांब कशाला? मी एकदा अडकले ते पुरलं नाही वाटतं?"

भावजय चहा घेऊन आली. आत्याने घोट घेतला आणि कप बशीत आपटला. "पाणचट."

"ताई, परत म्हण," टेबलाकडून भाऊ म्हणाला. त्याच्या हातात मायक्रोफोन होता. "आणि कप जरा हलका ठेव. फार वाजला."

"आता तूही नावं ठेवायला लागलास?" ती म्हणाली, पण कप उचलला, रिकामा केला, खाली ठेवण्याआधी सवयीने टिचकी मारली. खणकन वाजला.

"नाव काय देऊ ह्याला?" भाचीने विचारलं.

"'चहा, पाणचट, पहिला'," आत्या म्हणाली. "दुसरा करेलच ती आता."