चिमूटभर नळ्या आणि खंडेनवमी

धुळ्याच्या कॉलेजात शिकवता शिकवता मी पीएच.डी. करत होते. विषय सांगितला की लोक माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत. कार्बनच्या नळ्या, केसापेक्षा हजारो पटींनी बारीक, आणि त्यांच्या पोकळीत भरायचं आयोडीन. ते नळीतले इलेक्ट्रॉन ओढून घेतं, मग तिच्यातून वीज जास्त सहज वाहते. "म्हणजे भरली वांगीच की," आई म्हणायची. तिच्याशी वाद घालणं मी सोडून दिलं होतं.

बंगलोरच्या एका प्रयोगशाळेकडून मिनतवाऱ्या करून चिमूटभर नळ्या मिळवल्या होत्या. पुन्हा मागू नका, असं त्यांनी बजावलं होतं. ही चिमूट वाया गेली की माझी पीएच.डी. बुडालीच. आयोडीनसोबत काचेच्या नळीत त्या सीलबंद करून भट्टीत ठेवल्या, दारावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आणि घरी जायला शिंदखेड्याची एसटी पकडली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, हत्यारं-अवजारं पुजायचा दिवस. येऊन बघते तर पाटावर तराजू, मीटर, पक्कड आणि मधोमध झेंडूत बसवलेली माझी काचनळी, भट्टीतून नुकतीच काढलेली. चिठ्ठीलाही कुंकू लावलं होतं.

"भट्टी मीच बंद करी, ताई," आमचे शिपाई आबा म्हणाले. "आज तिले बी सुट्टी शे."

"सर, नळी गरम आहे," मी म्हणेपर्यंत विभागप्रमुखांनी तांब्यातलं पाणी शिंपडलं होतं. काच तडकून दोन तुकडे झाले. माझी काळी भुकटी हळदीकुंकवात सांडली, जांभळी वाफ निघाली आणि ओल्या अक्षता बघता बघता काळ्यानिळ्या पडल्या. आयोडीन तांदळाला लागलं की असंच होतं, हे शाळेतली पोरंही सांगतील. इथे पदार्थविज्ञानाच्या अख्ख्या विभागाने हात जोडले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

धुसफुसत भुकटी गोळा केली. धुतली, वाळवली, दाबून तिची वडी केली आणि मीटर लावला. विजेला होणारा रोध रिकाम्या नळ्यांपेक्षा चांगलाच उतरला होता. मला हवा होता तेवढा. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. हे आत शिरलेल्या आयोडीनमुळे झालं की कुंकवातल्या कशामुळे, ते तपासायला दुसरी चिमूट कुठून आणणार? प्रबंधात तो आकडा घालायची सोय नव्हती.

सरांनी मीटरवर नजर टाकली. "पूजा फळली म्हणायची," ते समाधानाने म्हणाले.

ते चुकताहेत, हे मला सिद्ध करता येत नव्हतं.